आकड्यांच्या पानांतली चित्रकला

सावंतवाडीच्या गंजिफांचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचं, कौतुक व्हायचं ते राजांमुळे. ठाणे-डोंबिवलीतल्या कोकणी घरांच्या दिवाणखान्यात दहा गोल पानं काचेच्या चौकटीत बसवलेली दिसतात, मत्स्यापासून कल्कीपर्यंतचे दहा राजे. ती सुंदर असतातच. पण दशावतारी गंजिफांचा संच 120 पानांचा असतो, आणि चिताऱ्याचा हात ओळखायचा तर उरलेली पानं बघायला हवीत असं मला फार मनापासून वाटतं.

प्रत्येक अवताराची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. आकड्याच्या पानावर अंक लिहिलेला नसतो, त्या अवताराची खूण तितक्या वेळा काढलेली असते. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, नृसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. एका अवताराच्या दहा पानांवर मिळून 55 खुणा होतात, सगळ्या संचात 550. साडेपाचशे वेळा कुंचला टेकवायचा आणि एकदाही कंटाळा दिसू द्यायचा नाही, अशी ही कसोटी आहे.

माशांचीच पानं घ्या. एक्क्यावर एकच मासा, मधोमध, ऐसपैस. खवलेसुद्धा वेगळे काढलेले. दुर्रीत दोघे समोरासमोर येतात. पंजीपर्यंत जागा पुरते, सत्तीपासून दाटी सुरू होते, आणि इथेच चिताऱ्याची बुद्धी दिसायला लागते. गोलात ओळी नीट बसत नाहीत. कडेला जागा आखडते. मग कडेचे मासे किंचित वाकतात, त्यांच्या शेपट्या गोलाच्या वळणाने जातात. दश्शीवर खवले उरलेले नाहीत. पाठीचा एक फटकारा, डोळ्याचा एक ठिपका, शेपटीच्या दोन रेघा, एवढ्यावर मासा उभा राहतो. तपशील गळत जातो तसतशी हालचाल वाढते. एक्क्यावरचा मासा मांडून ठेवल्यासारखा आहे, दश्शीवरचे पोहतात.

खेळाच्या नियमालाही याचं श्रेय आहे. निम्म्या अवतारांत प्रधानाखालोखाल दश्शीचा मान असतो, उरलेल्या निम्म्यांत एक्क्याचा. त्यामुळे कुठलंच पान निव्वळ भरतीचं म्हणून उरकता येत नाही. डाव तिघांचा, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पानं. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा असलेला उतारी करतो, रात्री कृष्णाचा राजा असलेला. पानं हातात पसरून धरली की प्रत्येकाची जेमतेम एक कड दिसते, आणि तेवढ्यावरून पान ओळखावं लागतं. प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन वेगळ्या रंगाची का, ते चौकटीतल्या चित्राकडे बघून कळत नाही; पानं हातात धरली की लगेच कळतं.

आणि हाताळायचं म्हणून लाख. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर पांढरा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचा, गोल कापायचे, रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. पाठीमागची बाजू सगळ्या पानांची सारखी, म्हणजे समोरच्याला काही कळू नये. लाखेमुळे घामाचं बोट रंगाला लागत नाही. शिवाय पांढऱ्यावर हलकी पिवळसर झाक चढते, आणि तांबडा रंग खोल वाटायला लागतो.

जपानमध्ये एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, कमरपट्ट्याला लटकवायच्या ‘इन्रो’ नावाच्या छोट्या लाखेच्या डब्या याच जिद्दीने घडवल्या गेल्या. एकावर एक बसणारे कप्पे, आत मोहोर किंवा औषध, वर सोन्याच्या भुकटीने काढलेले बगळे, गवत, चंद्र. तिथली लाख झाडाच्या चिकाची, दमट हवेत कडक होणारी. आपली किड्यांपासून मिळणारी. पण इन्रोवरचं चित्र एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळून जातं आणि डबी फिरवल्याशिवाय पुरं होत नाही. माशांची दहा पानंही एकामागून एक हातातून गेली तरच चित्र पूर्ण होतं. दोन्हीकडे चित्रकाराने बघणाऱ्याच्या हाताचा विचार आधी केला आहे.

हा खेळ मोगलांबरोबर इथे रुळला; बाबराने 1527 मध्ये सिंधला शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीत तिसऱ्या खेम सावंतांच्या (1755–1803) आश्रयाने ही कला वाढली. पुढे ती जवळपास संपली होती. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चितारींना गाठलं, त्यांच्याकडून कसब शिकून घेतलं आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. आज सावंतवाडीला कलाकार दरबार हॉलमध्ये बसून रंगवताना बघायला मिळतात. त्या दोघांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते. आपल्या भागातल्यांना हे अवघड नाही. तिथे संच घ्यायला गेलात तर राजे शेवटी बघा. आधी कासवांची अठ्ठी, नव्वी आणि दश्शी मागून घ्या आणि प्रत्येक कासवाचे पाय नीट निरखा. ते सगळे एकाच दिशेला चालत असतील तर दुसरा संच दाखवायला सांगा.