मन्रोची घरची पत्रे

बेळगावचा किल्ला १० एप्रिल १८१८ रोजी इंग्रजांच्या स्वाधीन झाला, हे आपल्याकडील जुन्या घरांतून ठाऊक असते. तो घेणारा टॉमस मन्रो मोठा पत्रलेखकही होता, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी नसते. ग्लासगोच्या एका व्यापाऱ्याचा हा मुलगा १७८० साली मद्रासेस कंपनीच्या फौजेत आला. पुढे बारामहाल, कानडा आणि बळ्ळारी-कडप्पा या मुलखांत मुलकी अधिकारी झाला व अखेरीस मद्रासचा गव्हर्नर. घरच्यांस लिहिलेली त्याची पत्रे ग्लीग या पाद्र्याने १८३० साली त्याच्या चरित्रात छापली. (ग्लीग स्वतः पूर्वाश्रमीचा सैनिक, लढाईची पत्रे त्याने चवीने निवडली आहेत.)

या पत्रांतील सर्वांत गाजलेले पत्र १७८९ सालचे, बहिणीस लिहिलेले. हिंदुस्थानात गेलेला मनुष्य ऐश्वर्यात लोळतो, या विलायती समजुतीची त्यात मनमुराद थट्टा आहे. पहिली तीन वर्षे उशाला पुस्तक किंवा काडतुसांची पिशवी, अंगावरचा कोट एकीकडे सांधावा तो दुसरीकडे उसवलेला! कुरकुर कोठेही नाही. बापाचा व्यापार बुडालेला, तेव्हा याच तुटपुंज्या पगारातून घरी पैसे जात होते, हे कळल्यावर त्या थट्टेचे मोल वाढते.

परंतु या शैलीचा मोह पडतो, आणि नेमके तेथेच आपण सावध व्हावे. १७९० साली बापास लिहिताना हाच लेखक टिपू आणि मराठे यांना तराजूत घालतो. टिपूचे राज्य एकमुखी व शिस्तीचे, म्हणून कंपनीस अधिक घातक. मराठे म्हणजे स्वतंत्र सरदारांची सैल मोट, त्यांची भीती कमी. हे निदान बिनचूक होते, असे आज कबूल करावेच लागते. घरगुती पत्रातला जिव्हाळा आणि हा हिशेब ही दोन वेगळ्या माणसांची कामे नव्हेत. उसवलेला कोट ज्या नजरेने टिपला, तिनेच आपली उसवलेली शिवण हेरली.

१८१७-१८ मध्ये धारवाड प्रांतात त्याच्यापाशी फौज थोडी होती. त्याने स्थानिक शिबंदी उभी केली, रामरावासारखे एतद्देशीय अमलदार नवलगुंदसारख्या ठिकाणी पाठविले, आणि हाती आलेल्या गावांच्या वसुलावरच लढाई चालविली. मन्रोला केवळ ‘रयतेचा कैवारी’ म्हणणाऱ्या चरित्रकारांनी ही मोहीम त्याच्या पत्रांशेजारी ठेवून वाचावयास हवी होती. रयतेच्या मनाची जाण हेच त्याचे मुख्य शस्त्र होते. रामरावानेही घरी काही लिहिले असेल. पण त्याला ग्लीग भेटला नाही.

१८२६ साली आजारी मुलास घेऊन पत्नी विलायतेस गेल्यावर गिंडीच्या बागेतून मन्रोने तिला लिहिलेली पत्रे मला सर्वांत हृद्य वाटतात. युद्धाचा मागमूस त्यांत नाही. ओळखीच्या वाटा आणि सुने घर एवढेच. राजीनामा देऊन तो घरी निघण्याच्या तयारीत होता. जुन्या जिल्ह्यांचा निरोप घेण्याच्या फेरीत, ६ जुलै १८२७ रोजी, पत्तीकोंडा येथे तो पटकीने गेला.