एकशे एकोणपन्नास कवट्या आणि आपली प्रयोगवही

इरावती कर्वे हे नाव मराठी शिक्षकाला नवे नाही. ‘युगान्त’ आपण वाचलेले असते, ‘परिपूर्ती’तले लेख भाषेचे शिक्षक आवडीने सांगतात. याच लेखिकेचा एक प्रबंध जर्मन भाषेत आहे, मानवी कवटीच्या दोन बाजूंतील स्वाभाविक फरकावर. विज्ञानाच्या शिक्षकाला तो बहुधा ठाऊक नसतो. वास्तविक त्यांच्या साऱ्या लेखनात शाळेच्या प्रयोगशाळेला सर्वांत जवळचा तोच आहे. २०२४ मध्ये ऊर्मिला देशपांडे आणि थिआगो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले ‘इरू’ हे त्यांचे इंग्रजी चरित्र आले आणि या प्रबंधाची चर्चा पुन्हा सुरू झाली. ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु भाषणांतून आणि पाठवापाठवीच्या मजकुरातून ही हकीकत ज्या थाटात सांगितली जाते, त्याबद्दल आमची तक्रार आहे.

हा प्रबंध लिहिला गेला तेव्हा युरोप खंडात उद्या काय होईल हे कोणालाच सांगता येत नव्हते. इटलीत १९२२ पासून मुसोलिनीची सत्ता होती. पोलंडमध्ये १९२६ साली लष्करी उठाव झाला होता. पुढे युगोस्लाव्हिया म्हणून ओळखल्या गेलेल्या राज्यात १९२९ च्या जानेवारीत राजानेच राज्यघटना गुंडाळली. जर्मनीतले प्रजासत्ताक जेमतेम दहा वर्षांचे होते. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला १२ जागा मिळाल्या होत्या. सप्टेंबर १९३० मध्ये त्या १०७ झाल्या. मधल्या काळात जागतिक मंदी आली होती. त्या मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि त्याची झळ आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्यालाही बसली, म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूरची नाही.

साधारण याच दोन निवडणुकांमधली वर्षे इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये काढली. १९२७ साली तेथे मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांचे संशोधन करणारी कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हेच त्यांचे मार्गदर्शक. त्यांचे म्हणणे असे की, गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि या असमानतेचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे. विद्यार्थिनीने ते मोजून दाखवायचे होते. तिच्यापुढे १४९ कवट्या होत्या. त्यांतल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या. तिने डावी-उजवी बाजू मोजली आणि आकडे मांडले. कवटीच्या दोन बाजूंत थोडाफार फरक सर्वांच्यातच असतो. वंशाशी त्याचा काही संबंध नाही, हे तिला आढळले आणि तिने तसेच लिहिले. १९३० साली तिला डॉक्टरेट मिळाली.

आता तक्रार. ‘एका मराठी मुलीने हिटलरला आव्हान दिले’ अशा शब्दांत हे सांगणे ऐकायला बरे वाटते, पण ते खरे नाही. १९३० साली हिटलर सत्तेवर नव्हता. फिशर नाझी पक्षाचे सदस्य झाले ते १९४० मध्ये. ते त्या काळचे मान्यवर शास्त्रज्ञ होते आणि तेच अधिक विचार करण्यासारखे आहे. आव्हान कोणा खलनायकाला नव्हते. आपल्याच गुरूच्या, प्रतिष्ठित आणि चारचौघांनी मानलेल्या मताला होते. सर्कशीतल्या सिंहापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘नाही’ म्हणणे अवघड, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको.

दुसरे असे की, त्या आकड्यांनी काही थांबले नाही. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला आणि पुढील काळात सुमारे चार लाख माणसे त्याला बळी पडली. मग तो प्रबंध लिहून उपयोग काय झाला, असा प्रश्न वर्गातले एखादे पोर विचारील. विचारू द्यावे. उत्तर म्हणून आम्ही एवढेच सांगू: मते बदलली, सरकारे बदलली, संस्था बदनाम झाली, पण त्या मोजमापांना आजही कोणी उघडून पाहू शकतो. शिवाय इरावतीबाईंचेही देव्हाऱ्यात बसवण्यासारखे काही नाही. परत आल्यावर जातींच्या अभ्यासासाठी त्यांनी माणसांची शरीरे मोजणे चालूच ठेवले. १९५१ मध्ये वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील मोजमापांचे पुस्तकही प्रसिद्ध केले. गुरूचे अनुमान त्यांनी नाकारले, त्याची हत्यारे मात्र ठेवली. हेही मुलांना सांगितले पाहिजे.

आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात एका शाळेत दहावीच्या प्रयोगवह्या चाळण्याचा योग आला. बहिर्गोल भिंगाच्या नाभीय अंतराचा प्रयोग. चाळीस वह्या, आणि चाळीसही वह्यांत १० सेंमी! पुढच्या पानावर ओहमचा नियम. आलेखावरचे सर्व बिंदू दोरी ताणल्यासारखे एका रेषेत. प्रयोग झालाच नसेल असे नाही. पण मुलांनी उत्तर आधी लिहिले आणि वाचने मागाहून बसवली, हे उघड होते. तसे केले नाही तर गुण जातात हे त्यांना माहीत असते. म्हणजे बर्लिनमध्ये एका विद्यार्थिनीने जे करायचे नाकारले, ते आपण येथे दरवर्षी शिकवतो आणि त्याला पैकीच्या पैकी गुण देतो. यात मुलांचा दोष नाही. ९.६ सेंमी लिहिणाऱ्याला लाल शाई मिळते तोवर तो पुढल्या वेळी १० च लिहिणार.

कवट्यांच्या जागी पाने घेऊन हा प्रबंध वर्गात करता येतो. पिंपळाची पन्नास पाने रस्त्याकडेच्या झाडाची, पन्नास विहिरीजवळच्या झाडाची आणावीत. पानाच्या बरोबर मध्यावर, मधल्या शिरेपासून डावीकडची आणि उजवीकडची रुंदी मिमीमध्ये मोजावी. मोजण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपला अंदाज फळ्यावर लिहावा, आणि शिक्षकांनीही लिहावा. मोजणाऱ्याला पान कोणत्या झाडाचे आहे हे कळता कामा नये. शिक्षकांचा अंदाज चुकला तर तो पुसू नये. कडुनिंबाने मात्र सुरुवात करू नका: त्याची पर्णिका बुडाशी जात्याच वाकडी असते, एका बाजूचा भाग रुंद आणि दुसऱ्या बाजूचा अरुंद. हे मुलांना आधी न सांगता दुसऱ्या आठवड्यात कडुनिंब द्यावा.