चार आठवड्यांची डायरी आणि आपली घाई

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीने एका जिल्हा न्यायालयात, सरकारी वकिलांच्या कार्यालयात चार आठवडे इंटर्नशिप केली. ती विधीच्या चौथ्या वर्षाला आहे, मी रसायनशास्त्रात पीएचडी करतोय. तरी तिने डायरी माझ्यापुढे ठेवली. "दादा, तू रोज वही भरतोस ना, जरा बघून दे." बघितली. तिच्या परवानगीनेच आज त्या डायरीवर लिहितोय, कारण त्यातल्या चुका संशोधनाच्या उंबरठ्यावर असलेले तुम्हीही करणार आहात.

आधी चांगलं सांगतो. एका फाईलमध्ये पंचनामा, मुद्देमालाची यादी, सी.ए. रिपोर्ट, जबाब कुठल्या क्रमाने लागतात ते तिने व्यवस्थित टिपलंय. एका दिवसाची नोंद तर फारच छान: साक्षीदार सकाळी आला, दुपारपर्यंत बाकावर बसला, आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले होते, तारीख पडली, साक्षीदार दिवसाची मजुरी बुडवून परत गेला. बस्स, एवढंच. मत नाही, शेरा नाही. निरीक्षण असं लिहायचं असतं.

पण शेवटच्या पानावर निष्कर्ष काय? 'साक्षीदार फितूर होतात म्हणून आरोपी सुटतात.' मी विचारलं, किती खटले पाहिलेस? नऊ. निकाल किती लागले? दोन. आता तुम्हीच सांगा, या दोनांवर ते 'म्हणून' उभं राहतं का? शिवाय तपासात पोलिसांनी अ, ब किंवा क समरी मागितली आणि ती मंजूर झाली, की ते प्रकरण खटल्यापर्यंत येतच नाही. म्हणजे तिच्यासमोर आलेले नऊ खटले आधीच चाळणीतून गेलेले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं दोषसिद्धीचं प्रमाणसुद्धा त्या वर्षी सुनावणी पूर्ण झालेल्या खटल्यांवर काढलेलं असतं, प्रलंबित खटले त्यात नसतात. आकडा वाचताना आधी छेद बघा.

दुसरी गोष्ट भाषेची. डायरीभर 'आपली केस', 'आपण हरलो'. चार आठवडे एकाच बाजूच्या टेबलाशी बसलं की असं होतं. पण सरकारी वकिलाचं काम काहीही करून शिक्षा मिळवणं नाही, न्यायालयापुढे प्रकरण निष्पक्षपणे मांडणं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या प्रकरणात 1999 मध्येच सांगितलंय. आपल्याकडेही गाईडचं गृहीतक कधी 'आपलं' होतं, कळत नाही.

तिसरी गोष्ट वाचून मात्र मी वही मिटली. पॉक्सोच्या एका प्रकरणात तिने मुलीचं नाव, गाव आणि शाळा लिहिली होती. अत्याचारपीडितेची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. डायरी सादर करणं म्हणजे 'प्रसिद्ध करणं' का, हा वाद वकिलांनी घालावा. संशोधकाचा नियम त्याहून सोपा आहे: जे नाव लागणार नाही, ते लिहायचंच नाही. ही वही गाईडकडे, मग प्राध्यापकांकडे, मग कॉलेजच्या कपाटात जाणार. त्या मुलीला कुणी विचारलं होतं का?

सगळा दोष तिचा नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप हवी, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. खटला चालतो वर्षानुवर्षं. म्हणजे विद्यार्थ्याच्या वाट्याला सिनेमातली पाच मिनिटं येतात, आणि त्यावरून त्याने शेवट सांगायचा! नियम आठवडे मोजतो. तू कुठला प्रश्न घेऊन चाललीस, हे कुणी विचारत नाही.

मी तिला एवढंच सुचवलं. चार आठवड्यांत 'आरोपी का सुटतात' कळणार नाही, पण 'तारीख का पडते' हे कळू शकतं. प्रकरणाला सांकेतिक क्रमांक दे. रकाने पाच: दिनांक, टप्पा, आज काय व्हायचं होतं, काय झालं, न झाल्यास नोंदवलेलं कारण. स्वतःचा अंदाज समोरच्या पानावर, वेगळ्या शाईने.

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नका. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत लिहिलंय: 'रंग बदलला, अभिक्रिया पूर्ण.' पहिले दोन शब्द मी पाहिले होते. पुढचे दोन मला हवे होते. त्या स्वल्पविरामापायी माझे तीन महिने गेले.

तिने ते पान काढून टाकलं आणि नोंदी नव्याने लिहिल्या. निष्कर्षाचं पान आता अर्धंच भरलंय. गुण कमी पडतील अशी तिला धास्ती आहे. पडूही शकतात. तुमची इंटर्नशिप सुरू व्हायची असेल, तर पहिल्या दिवसाच्या आधी एक प्रश्न कागदावर लिहा आणि मला पाठवा. चार आठवड्यांत मावतो का, मिळून बघू.