आदिवासी-अध्ययन : दोन पुस्तके व एक प्रश्न

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या १९४५ सालच्या उठावाचे, त्या उठावात अग्रभागी असलेल्या कार्यकर्तीने केलेले हे कथन होय. वेठीने पिचलेला माणूस ताठ कसा उभा राहिला, हे त्यात विलक्षण आत्मीयतेने सांगितले आहे. आदिवासी-अध्ययनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम हाच ग्रंथ वाचावा, असे आमचे मत आहे. मात्र वारली येथे बोलतो तो लेखिकेच्या मुखाने, ही त्याची मर्यादाही त्यास दाखविली पाहिजे.

ती मर्यादा वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ या संग्रहाजवळ ठेवली म्हणजे स्पष्ट होते. शहाद्याकडील चळवळीत वाढलेला हा भिल्ल कवी, आपल्या वतीने व्यासपीठावरून कळवळ्याने बोलणाऱ्यांसही जाब विचारतो. रचनेची सफाई पहिल्या पुस्तकात अधिक आहे. बोलण्याचा अधिकार दुसऱ्यात.

हा भेद निव्वळ रसिकतेचा नाही. ‘या विषयाने पोट भरेल काय?’ असे आमच्या छत्रपती संभाजीनगरातील पालक विचारतात, आणि ते रास्तच आहे. आश्रमशाळा, किनवट येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पासारखी कार्यालये, पुण्याची १९६२ सालची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, अध्यापन अशा वाटा आहेत. परंतु त्या अरुंद आहेत. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याचे काम आहे. त्याच्या नियमांत गावच्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा मानले आहे. ते निवेदन लिहिणाऱ्यास कोलामांची वा गोंडांची बोली कळत नसेल, अथवा त्याने त्यांच्या मुखी आपलेच शब्द घातले, तर हानी वाङ्मयाची होत नाही. एखाद्या कुटुंबाची जमीन जाते. दुसऱ्याचे म्हणणे नेमके ऐकून नेमके लिहिणे, हेच या विद्येचे खरे कौशल्य होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. ज्यांच्याविषयी इतर लिहीत, ते पुढे स्वतः लिहू लागले, आणि येथूनच निघालेल्या गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने त्या लेखनास हक्काचे घर दिले. आदिवासी-अध्ययनाचीही हीच कसोटी आम्ही मानतो. किती पदवीधरांस नोकऱ्या लागल्या, हे अवश्य मोजावे. परंतु किनवटच्या पाड्यावरील किती मुली या वर्गांत अभ्यासक म्हणून बसल्या, हे त्याआधी मोजावे.