जिलास यांचे युद्धस्मरण : कबुली आणि पश्चात्ताप

मिलोव्हान जिलास (१९११–१९९५) हे युगोस्लाव्हियातील साम्यवादी पुढारी. पुढे त्याच राजवटीचे बंदिवान. त्यांच्या युद्धकालीन आठवणींचा ग्रंथ १९७७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पापांगीकाराचे मर्म शिकविणाऱ्या आपल्या वर्गाने तो वाचावा, असे आम्हांस वाटते.

६ एप्रिल १९४१ रोजी जर्मनीने युगोस्लाव्हियावर स्वारी केली व अवघ्या बारा दिवसांत देशाचे लचके तोडले गेले. या परचक्राविरुद्ध दोन सेना उभ्या राहिल्या : मिहाइलोविच यांचे राजनिष्ठ, बहुतांशी सर्ब असलेले चेटनिक, आणि टिटो यांचे साम्यवादी नेतृत्वाखालील, सर्व वंशांना खुले असलेले पार्टिझान. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या परस्परांवरच उलटल्या. मुक्तिसंग्रामाच्या पोटात यादवी शिरली.

विजयी पक्षाचा इतिहास सहसा आपले रक्त मोजतो, दुसऱ्याचे नव्हे. जिलास यांचे मोठेपण हे की, ते स्वपक्षाविरुद्ध साक्ष देतात. मॉन्टेनेग्रोत पार्टिझानांनी केलेल्या अविचारी हत्या, मार्च १९४३ मध्ये जर्मनांशी झालेली गुप्त बोलणी, शरण आलेल्यांचा १९४५ मधील संहार, यांतले काहीही ते झाकत नाहीत. एका जर्मन सैनिकाचा गळा आपण स्वहस्ते चिरला, हेही ते लिहितात.

परंतु ग्रंथाची मर्यादाही येथेच आहे. ही कबुली इतिहासाच्या न्यायासनापुढे दिलेली आहे. ज्याचा घात झाला त्याच्याकडे वळून ती बोलत नाही. जक्कयाने केवळ आपला अपराध सांगितला नाही, तर ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे वचन दिले. सत्यकथन हे पश्चात्तापाचे दार होय, घर नव्हे.

दुसरे न्यून असे की, जिलास यांच्या लेखी धर्म ही बहुधा वंशाची खूण असते. आपण मात्र या दोषाचे खापर एकट्या लेखकावर फोडू नये. क्रोएशियातील उस्ताशा राजवटीने सर्बांची कत्तल केली, त्यांना हद्दपार केले आणि ऑर्थोडॉक्स सर्बांना सक्तीने कॅथलिक करविले. काही धर्मगुरूंनी त्यास हातभार लावला. यासेनोवाच छावणीच्या स्मारकाने ८३,१४५ बळींची नावे नोंदविली आहेत. जीव वाचविण्यासाठी घेतलेली दीक्षा जेथे धर्मांतर म्हणून नोंदली गेली, तेथे निरीश्वरवादी लेखकास धर्म हा झेंडाच दिसला, तर नवल काय?

म्हणून हा ग्रंथ परक्या देशाची हकीकत म्हणून वाचून बाजूस ठेवता येत नाही. एका निरीश्वरवाद्याने आपल्या पक्षाविरुद्ध जेवढे सत्य सांगितले, तेवढे ख्रिस्तसभा स्वतःविषयी सांगते काय? तेवढे सांगून, शिवाय पीडितांसमोर उभे राहणे, हेच तिच्या साक्षीचे माप ठरेल.