वाहन आणि वाहक

साहित्याला वाहिलेल्या नियतकालिकात संग्रहालयाची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु काय मांडावे आणि काय गाळावे, हा निवाडा संग्रहालयालाही करावा लागतो. आणि जेथे निवाडा आहे तेथे समीक्षेला वाव आहे.

लंडनच्या परिवहन संग्रहालयाने २०२२ साली कॅरिबियन कामगारांवर एक प्रदर्शन उघडले. १९५६ पासून लंडन ट्रान्सपोर्टने बार्बाडोस बेटावर थेट भरती केली. जहाजाचे भाडे कर्जाऊ मिळे आणि ते पगारातून फेडावे लागे. १९६६ मध्ये जमैका व त्रिनिदाद येथेही भरती झाली. १९७० साली ती थांबली. बसवर तिकिटे देणारे, स्थानकावर राबणारे, उपाहारगृह सांभाळणारे असे हे लोक. प्रदर्शनाने त्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या आठवणींना मध्यभागी स्थान दिले, हे मला त्याचे खरे यश वाटते.

तथापि अशा गौरवात एक धोका असतो. त्याच इंग्लंडात, ब्रिस्टल येथील बस कंपनी गौरेतरांना वाहक म्हणून घेत नव्हती. १९६३ मध्ये पॉल स्टीफनसन प्रभृतींनी बहिष्कार पुकारला, ऑगस्टात कंपनी नमली, आणि सप्टेंबरात नेमलेला पहिला गौरेतर वाहक एक शीख होता : रघबीरसिंग. हा नकार झाकून केलेला गौरव म्हणजे निवृत्तीच्या दिवशी गळ्यात पडणारा हार! कचेरीत आयुष्य घालविलेल्यांना त्याचे मोल अधिक सांगायला नको.

आता आपल्याकडे पाहावे. पाटनसारख्या तहसिलीच्या गावी बदलून आलेल्या मराठी कुटुंबाला जबलपूरमार्गे नैनपूर फारसे दूर नाही. गोंदियाहून निघून १९०५ मध्ये जबलपुरास पोहोचलेली अडीच फुटी लोहवाट २०१५ साली येथे बंद पडली. तिची स्मृती नैनपूरच्या नॅरोगेज संग्रहालयात जपली आहे. नागपूरला मोतीबागेत असेच एक संग्रहालय २००२ पासून आहे. मुले तेथे हरखतात, आणि हरखावेच. पण दोन्हीकडे नायक इंजिन आहे. पावसाळी रात्री रुळांवरून कंदील घेऊन फिरणारा गँगमन, सांधे बदलणारा पॉइंट्समन हे त्या नाटकात जणू मूक पात्रे!

सुलभतेचा प्रश्नही येथेच येतो. उंच पायऱ्यांच्या डब्यात गुडघे धरलेल्या आजीबाई चढायच्या कशा? त्यांच्यासाठी उतरण हवी, हे खरेच. पण खाली बाकावर बसून ऐकता येईल असा एखादा आवाजही हवा. अंध मुलाला इंजिनाच्या चित्राहून तो आवाज आणि हाती दिलेला कंदील अधिक काही सांगतील.

हा आवाज अजून मिळण्यासारखा आहे. मार्ग बंद होऊन फार वर्षे लोटलेली नाहीत; त्यावर राबलेले पुष्कळजण निवृत्त होऊन आसपासच राहतात. गोंदियाची मराठी, बालाघाटची बोली आणि जबलपूरची हिंदी एकाच गाडीने ये-जा करीत होत्या. त्या मिश्र भाषेतच या माणसांना बोलू द्यावे, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी कोणी ती शुद्ध करावयास बसू नये.