यकृत आणि वाढ : एका अनुमानाची मर्यादा

पोषग्रंथी काढलेल्या उंदराची कूर्चा घेऊन सामन व डॉगाडे यांनी १९५७ साली दाखविले की, वृद्धि-संप्रेरक तिच्यात थेट मिसळले असता सल्फेटाचे ग्रहण फारसे वाढत नाही. निरोगी उंदराच्या रक्तद्रवाने मात्र वाढते. मधे एखादे मध्यस्थ द्रव्य असावे, हा निष्कर्ष निर्दोष होता. ते द्रव्य म्हणजे आजचे आयजीएफ-१. संप्रेरकाच्या प्रेरणेने यकृतपेशीतील स्टॅट-५बी हे प्रथिन केंद्रकात शिरून त्याच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढविते. (उपाशी माणसाच्या रक्तात संप्रेरक वाढूनही आयजीएफ-१ घटते, इन्सुलिन व पोषण यांचीही संमती लागतेच.)

रक्तातील बहुतेक आयजीएफ-१ यकृताचे, म्हणून वाढही यकृताकरवीच, हे पुढील पाठ्यपुस्तकी अनुमान मात्र ठिसूळ ठरले. १९९९ साली केवळ यकृतातून हे जनुक वगळलेल्या उंदरांत रक्तपातळी सुमारे ७५ टक्क्यांनी उतरली. वाढ जवळजवळ स्वाभाविकच राहिली. कूर्चेतही हे द्रव्य निर्माण होते. रक्त मोजावयास सोपे, म्हणून कारणही तेथेच शोधले गेले. तथापि यकृताला हद्दपार करणेही घाईचे होय : २००२ साली हे द्रव्य रक्तात टिकवून धरणारे एक प्रथिनही त्याबरोबर वगळताच पातळी आणखी घसरली आणि वाढ मंदावली.